लेखणी कोरडी पडते तेव्हा

अक्कलकोट तालुक्यातील एका लहान मंडळीत पुष्कळ वर्षे सेवा करीत आलेल्या एका प्रचारक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न केला आहे. ते म्हणतात की, आरंभीच्या काळी उपदेश लिहावयास बसले म्हणजे रात्र पुरत नसे. एखादे भजन जुळले तर ते कोणास तरी म्हणून दाखवीपर्यंत चैन पडत नसे. आता तसे राहिले नाही. शनिवारी रात्री ते कागद पुढे घेतात, शास्त्रभाग दोनदा-तीनदा वाचतात, परंतु मन हलत नाही. तरी रविवार यावयाचा तो येतोच, मंडळी सतरंजीवर येऊन बसतेच, आणि काही तरी लिहून न्यावे लागते. "जो उमाळा माझ्या अंतःकरणात नाही, तो कागदावर आणून लोकांपुढे ठेवणे हे ढोंग नव्हे काय? मी लिहिणे थांबवावे काय?" असे ते विचारतात.

हा प्रश्न त्यांनी आम्हांस विचारला खरा, पण तो आमचाही आहे. ज्यांस नियमाने लिहावे लागते त्यांपैकी ही कोरड ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य आम्हांस अद्यापि भेटलेला नाही. शिवाय लेखक म्हणजे केवळ ग्रंथ छापविणारा असे कोणी समजू नये. रविवारच्या उपदेशाचे टिपण, शोकाच्या घरी धाडलेले चार ओळींचे पत्र, नाताळच्या कीर्तनासाठी रचलेले पद, मंडळीच्या वृत्तांताचे एक पान, ही सर्व ख्रिस्ती लेखणीचीच कामे होत. यास्तव हा प्रश्न पुष्कळांचा आहे, आणि त्याचा विचार सावकाश केला पाहिजे.

अक्कलकोटात राहणाऱ्यास हा प्रश्न अधिक बोचतो. श्रीस्वामी समर्थ १८७८ साली समाधिस्थ झाले, तेव्हापासून आजतागायत त्यांच्या दर्शनास दूरदूरचे लोक या गावी लोटत आले आहेत. कित्येक तर पायी येतात. त्यांचा मार्ग आमचा नव्हे. पण त्यांच्या तळपायांचे फोड खरे असतात. ते पाहून ख्रिस्ती सेवकाच्या मनात येते की, ह्यांच्या ठायी इतकी ओढ, आणि आम्ही जिवंत प्रभूचे नाव सांगणारे, आमची लेखणी मात्र अशी कोरडी का?

येथे एक मोह उभा राहतो, तो आधी ओळखून ठेवावा. आपल्या अंतःकरणात ऊब नसली म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेवर टीकेचे आसूड ओढून ती आणता येते. शब्द झरझर येतात, हात थरथरतो, आणि आपणांस वाटते की आवेश परत आला. परंतु अहरोनाचे पुत्र नादाब व अबीहू ह्यांनी परमेश्वरापुढे परका अग्नी नेला, त्याचे काय झाले ते लेवीय पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे. अग्नी तोही होता, उष्ण तोही होता. पण तो वेदीवरचा नव्हता. मंडळीतील तंट्यात एका पक्षाचा कैवार घेऊन लिहिताना जो जोर चढतो, तोही बहुधा ह्याच जातीचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. त्या एका पावलासाठी त्यांस आप्तेष्टांची मोठी ताटातूट सोसावी लागली. कडवटपणाने लिहिण्यास त्यांच्यापेक्षा अधिक कारण कोणास होते? तरी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते कृतज्ञतेने सांगत. १९१२ सालापासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग त्यांच्या हाती होता. ज्याचा अग्नी वेदीवरचा आहे त्यास शेजाऱ्याचे घर जाळून ऊब घ्यावी लागत नाही.

आता ढोंगाचा विचार करू. ढोंग म्हणजे काय? जे आपणांजवळ नाही ते आहे असे दाखविणे, हे ढोंग. परंतु उमाळा नसता आपले काम करणे हे ढोंग नव्हे. घरधनीण पहाटे उठून भाकऱ्या थापते. रोज त्या वेळी तिचे मन मुलांच्या प्रेमाने भरून आलेले असते काय? कित्येकदा तिच्या कपाळी दुखत असते, डोळ्यांवर झोप असते. तरी ती भाकरी खोटी नसते. किंबहुना त्या दिवशीचे तिचे प्रेम भाकरीतच असते, अन्यत्र कोठे नसते. तद्वत ज्या प्रचारकाने कोरड्या मनाने, परंतु प्रामाणिकपणे, शास्त्रभाग समजून घेऊन आपल्या लोकांसाठी चार सरळ वाक्ये लिहून नेली, त्याने ढोंग केले नाही. मात्र त्याने जर कागदावर अश्रू काढून दाखविले, "हे लिहिताना माझे हृदय उचंबळून येत आहे," असे लिहिले, आणि हृदय तर जागचे हललेही नाही, तर ते ढोंग झाले. भेद उमाळ्याच्या असण्या-नसण्यात नाही. खरे बोलण्या-न बोलण्यात आहे.

स्तोत्रसंहितेकडे पाहा. तेथे केवळ आनंदाचीच गीते आहेत काय? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात आरंभते आणि अंधारातच संपते. शेवटी उजेडाची एक तिरीपही त्यात येत नाही. त्या स्तोत्रकर्त्यास आनंदाचे सोंग आणता आले नसते काय? त्याने ते आणले नाही. जे त्याच्याजवळ होते, म्हणजे काळोख, तेच त्याने देवापुढे मांडले; आणि मंडळीने ते टाकून न देता आपल्या गीतांत जतन करून ठेवले. ह्यावरून असे दिसते की, आपली कोरड देवाला सांगणे हेही एक भक्तिलेखनच आहे.

तरीही लेखणी खाली ठेवावी अशी वेळ मुळीच येत नाही, असे आम्ही म्हणत नाही. कधी कधी कोरड हा ऋतूचा दोष नसून आपल्याच हातचा असतो. ज्याचे सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे तो क्षमेवर उपदेश लिहू लागला, आणि शब्द येईनासे झाले, तर ती देवाची दयाच समजावी. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की, अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी भावाकडे जावे, समेट करावा, आणि मग येऊन अर्पण करावे. लेख हेही अर्पणच आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही की, लेखणी अडली असता आपण कोणाचे देणे, कोणाशी वैर, कोणते असत्य उराशी धरून बसलो आहो काय, हे पाहावे. असल्यास कागद तसाच ठेवून उठावे. त्या रविवारी उपदेश आखूड झाला तरी चालेल.

परंतु असे काही नसूनही मनुष्य थकतो. त्याचे काय? यिर्मया संदेष्ट्याच्या हाडांत कोंडलेला अग्नी सर्वांस ठाऊक आहे. उपदेशकांस तो दृष्टान्त फार आवडतो. पण त्या संदेष्ट्याची लेखणी ज्याच्या हाती होती, त्या बारूखाचा थकवा थोड्यांच्याच ध्यानात येतो. यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी यिर्मया सांगत गेला आणि बारूख शाईने पटावर लिहीत गेला. त्या वेळी बारूख काय म्हणत होता, हे यिर्मयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात आहे. तो कण्हत होता. दुःखावर दुःख आले, मी थकून गेलो, मला विसावा नाही, असे त्याचे गाऱ्हाणे होते. पाहा, देवाचे वचन हाताने लिहिणारा मनुष्य, आणि तोच कण्हत आहे!

देवाने त्यास काय उत्तर दिले? तुझा उत्साह वाढवितो असे सांगितले नाही. नवा अग्नी देतो असेही सांगितले नाही. मी बांधलेले मोडीत आहे, लाविलेले उपटीत आहे, अशा काळी तू आपल्यासाठी मोठाल्या गोष्टी इच्छितोस काय, असे विचारले, आणि त्या इच्छू नकोस असे सांगितले. तुझा जीव मात्र मी तुला राखून देईन, एवढेच अभिवचन दिले. हे उत्तर प्रथम कठोर वाटते. परंतु ज्याने कधी काही लिहिले आहे त्याने मनावर हात ठेवून सांगावे, आपल्या थकव्याच्या मुळाशी ही मोठाली इच्छा नसते काय? माझा लेख छापून यावा, माझे पद परिषदेत गावे, पाळकसाहेबांनी चारचौघांत नाव घ्यावे. हे होत नाही, आणि मग आपण म्हणतो की माझा विश्वास थंडावला. विश्वास थंडावलेला नसतो. मान न मिळाल्याने मन रुसलेले असते, आणि त्या रुसव्यास आपण मोठे आध्यात्मिक नाव देतो.

पुढे काय झाले ते छत्तिसाव्या अध्यायात वाचावे. पाचव्या वर्षाच्या नवव्या महिन्यात, थंडीच्या दिवसांत, राजा शेगडीपाशी बसला होता. पटाची तीनचार पाने वाचून झाली की तो चाकूने ती कापी आणि विस्तवात टाकी. असा तो सबंध पट जळून गेला. इतके महिने खपून लिहिलेल्या कामाची राख झाली. तेव्हा बारूखाने दुसरा पट घेतला, पहिली सर्व वचने पुन्हा लिहिली, आणि तशीच आणखी पुष्कळ वचने त्यांत घातली गेली. मोठाल्या गोष्टींची इच्छा धरणाऱ्याच्या हातून हे दुसरे लिहिणे झाले नसते. ज्याने ती इच्छा सोडली तोच राखेपुढून उठून पुन्हा पट घेऊ शकतो.

आपल्या महाराष्ट्रात ह्याची साक्ष आहे. टिळक १९१९ साली मुंबईस निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. अवघे सुमारे अकरा अध्याय झाले होते. मागे राहिल्या त्या लक्ष्मीबाई. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या; घरीच शिकल्या. पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या दुःखाने वेड्यापिशा झाल्या होत्या, आणि पुढे काही वर्षांनी, १९०० साली, त्या आपल्या स्वतःच्या विश्वासाने ख्रिस्ताकडे आल्या. टिळकांच्या पश्चात चिरंजीव देवदत्त ह्यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून देण्यास त्यांस सांगितले. त्या लिहावयास बसल्या त्या मोठा ग्रंथ रचावा म्हणून नव्हे, तर मुलाने विचारले म्हणून. घरात जे घडले ते तसेच्या तसे सांगावयाचे, टिळकांचा राग, आपले सोवळे, आपली भांडणे, काही झाकावयाचे नाही, असा त्यांचा बेत. त्यांतून 'स्मृतिचित्रे' झाली. ती १९३४ सालापासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघाली, आणि आज मराठीच्या थोर गद्यग्रंथांत ती मोजली जातात. त्यांत उपदेश शोधू जाल तर फार थोडा सापडेल. पण ख्रिस्ताने एक घर कसे हळूहळू बदलले, हे ज्यास पाहावयाचे आहे त्याने तो ग्रंथ वाचावा. पुढे उतारवयात त्यांनीच 'ख्रिस्तायना'चे काम हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली त्या गेल्या. अखेरचा शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहून काव्य पुरे केले. आम्हांस वाटते, अपुरे राहिलेले काम पुरे करावयाचे आहे, एवढी एकच गोष्ट त्यांच्यापुढे असावी.

दुसरी साक्ष केडगावच्या मुक्तिसदनाची. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे एका कामास दिली: पवित्र शास्त्राचे असे मराठी भाषांतर, की जे अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीसही कळावे. संस्कृतात पारंगत असलेल्या ह्या विदुषीने त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि आपल्या पांडित्याचा डौल मात्र बाजूस ठेविला. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा मरण पावली. तरी काम चालूच राहिले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ साली ते शास्त्र प्रसिद्ध झाले. छापलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. कन्येच्या मरणानंतरच्या त्या महिन्यांत लिहिताना त्यांचे मन रोज उचंबळत असेल, असे आम्हांस वाटत नाही. त्या दिवसांत विश्वास म्हणजे पुढचे वचन घेणे आणि त्यासाठी साधा शब्द शोधणे, एवढेच असावे.

साध्या शब्दाची ही गोष्ट आम्हांस एका बाईने शिकविली, ती सांगावीशी वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी, खेड्यात दूरध्वनी नव्हते तेव्हा, अक्कलकोटाजवळच्या एका गावी आमच्या मंडळीतील एक विधवा मुलास पत्र लिहवून घेण्यास आली. मुलगा रागावून घर सोडून गेला होता, आणि तो मुंबईस गिरणीत आहे असे कळले होते. त्या दिवसांत आमचीही लेखणी अशीच कोरडी पडली होती. आम्ही तिचे दोन शब्द ऐकले न ऐकले, आणि उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तावर एक सुंदर पत्र लिहिले: दूरदेश, डुकरांच्या शेंगा, पश्चात्ताप, बापाचे धावत येणे. सर्व यथासांग होते. तिला वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, "गुरुजी, हे माझं नव्हं. माझं पोरगं उधळ्या न्हाई. मीच त्याला नको ते बोलले. तेवढं लिवा, आन् ये म्हणावं."

आम्ही तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर तिचीच तीन वाक्ये लिहिली. मुलगा त्या वर्षी नाताळास घरी आला. तो पत्रानेच आला असे आम्ही म्हणणार नाही. पण पहिल्या पत्राने तो आला नसता, एवढे खात्रीने म्हणतो. त्या दिवशी आम्हांस कळले की, आमची कोरड देवाकडून आलेली नव्हती. आम्ही माणसांकडे पाहण्याचेच सोडले होते. दृष्टान्त तयार होता, वाक्ये तयार होती, आणि जिवंत बाई समोर बसली असून ती आम्हांस दिसली नाही. प्रभूचा दृष्टान्त खरा आहे. पण प्रभूने तो समोरची माणसे पाहून सांगितला होता. आजकाल तर तयार वचने व तयार प्रार्थना पहाटेच हातातल्या यंत्रावर येऊन पडतात, आणि आपण त्या वाचण्यापूर्वीच दहा जणांकडे धाडतो. त्यांत वाईट काही नसेल. पण त्यांत आपण नसतो, आणि ज्याला धाडले तोही नसतो.

ह्या बाबतीत अक्कलकोटच्या सेवकांस एक देणगी आहे, जी पुण्या-मुंबईच्या लेखकांस नाही. येथे मराठी व कानडी शेजारी शेजारी नांदतात. मराठीत सांगितलेले बोधवचन एखाद्या आजीबाईस कानडीत समजावून द्यावे लागते. जे वाक्य नुसते नादासाठी लिहिलेले असते ते दुसऱ्या भाषेत नेऊ लागताच हातातून गळून पडते. ज्यात अर्थ असतो तेच पलीकडे पोहोचते. तेव्हा आमची सूचना अशी की, लिहिलेले प्रथम एखाद्या न शिकलेल्या मनुष्यास वाचून दाखवावे, आणि ज्या ठिकाणी त्याचे डोळे दुसरीकडे वळतात ती ओळ खोडावी. हबक्कूकास दर्शन पाट्यांवर स्पष्ट लिहावयास सांगितले होते, ते धावणाऱ्यासही वाचता यावे म्हणून.

शेवटी, आपल्या तालुक्यातील शेतकऱ्यास जे ठाऊक आहे ते आम्ही लेखकांनी विसरू नये. शाळूची पेरणी परतीच्या पावसावर होते. पुढे माघ-फाल्गुनात कणीस हाती येईपर्यंत पाऊस बहुधा पडत नाही. वरून काही नाही, आभाळ कोरडे. तरी पीक उभे राहते. कशावर? काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर. परंतु ही जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात, आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून शेतकरी कोळपे चालवितो, वरची माती हलवून भेगा बुजवितो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे तो म्हणतो. कोळप्याने पाऊस पडत नाही. परंतु पडून गेलेला पाऊस त्याने राखला जातो.

बंधूंनो, तुमच्यावर पाऊस पडला होता. ज्या दिवशी तुम्ही प्रभूचे नाव प्रथम घेतले, ज्या रात्री भजन जुळले म्हणून झोप लागली नाही, तो पाऊस खोटा नव्हता, आणि तो वाहूनही गेलेला नाही. आज आभाळ कोरडे असेल. पाऊस पाडणे तुमच्या हाती नाही, आणि पाऊस पडल्याचा देखावा करणे तर मुळीच योग्य नाही. कोळपे मात्र तुमच्या हाती आहे. शास्त्रभाग रोज वाचणे, कोरड लागली तर ती देवाला स्पष्ट सांगणे, भावाशी बिघडले असेल ते नीट करणे, कागद घेण्यापूर्वी दोन घरी जाऊन बसणे, आणि जेवढे खरे आहे तेवढेच लिहिणे, ही आपली कोळपणी होय.

तेव्हा ज्या बंधूंनी प्रश्न केला त्यांस आमचे उत्तर हे की, लिहिणे थांबवू नका. मोठे लिहिणे थांबवा. येत्या शनिवारी उपदेशाचा कागद घेण्यापूर्वी मंडळीतील ज्या एका मनुष्यास त्या वचनाची गरज आहे त्याच्या घरी जा, त्याचे ऐका, आणि रविवारचे टिपण त्याला पत्र लिहावे तसे लिहा. ते चार ओळींचे झाले तर चार ओळींचेच न्या. ज्या प्रभूने बारूखास मोठाल्या गोष्टी दिल्या नाहीत, परंतु त्याचा जीव राखला आणि दुसरा पट त्याच्याच हातून लिहवून घेतला, तो आपणां सर्वांच्या थकलेल्या हातांस धरो, व त्याच्या कृपेचा पाऊस त्याच्या समयी पडो.